मिन्केचा घोटा

हिस्के विआर्डाला लाज अशी आयुष्यात फारशी कधी वाटली नव्हती. वाटायचं कारणच पडलं नव्हतं. ती वाटली वयाची साठी उलटून गेल्यावर, आणि तीही एका पोरीच्या घोट्यापायी.

आल्डसील गावात मूल नीट चालायला लागलं, की पुढच्या हिवाळ्यात त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीमागे उभं करून गोठलेल्या कालव्यावर सोडत. खुर्ची ढकलत ढकलत ते बर्फावर घसरायला शिके, पडे, रडे, काठावरच्या आजीकडून बडीशेप घातलेलं गरम दूध पिई आणि पुन्हा खुर्ची धरी. तिथवर सगळ्या पोरांचं सारखंच. खुर्ची सुटली की मात्र पोरींना हिस्केच्या हाती देत. फ्रीसलंड प्रांताच्या त्या भागात तसा रिवाजच पडून गेला होता.

हिस्के नव्या पोरीला आधी बर्फावर नेतच नसे. आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर तिला उकिडवं बसायला सांगे. "टाचा टेकव. उचलायच्या नाहीत." बहुतेक पोरी मागच्या मागे कोलमडत. जी टाचा न उचलता बसे, जिची नडगी पावलावरून सहज पुढे झुके, ती हिस्केच्या मते निम्मी तयार झालेली. "लोक म्हणतात, गुडघा वाकवा," ती म्हणे, "अगं, घोटा वाकल्याशिवाय गुडघा वाकेल कुठून? घोटा अडला की माणूस कमरेतून वाकतं, आणि मग बर्फावर हरवलेली किल्ली शोधत असल्यासारखं दिसतं."

हा झाला पहिला नियम. दुसरा त्याहून कडक. ढकलायचं ते टाचेनं. पाय बाजूला पुरता लांबला, की तो तसाच सपाट उचलायचा. शेवटी पंजा खाली ताणायचा नाही. ताणला की स्केटच्या पात्याचं टोक बर्फात रुततं, ओरखडा उठतो आणि मिळवलेला वेग तिथेच मरतो. हिस्के याला 'टोचणं' म्हणे. तिच्या आईने तिला हेच शिकवलं होतं, लाकडी तळाच्या, चामड्याच्या वाद्यांनी बांधायच्या स्केटवर. त्या शिकवणीवर हिस्के तरुणपणी साऱ्या प्रांतात धावली होती आणि बक्षिसाचा भलामोठा हॅम खांद्यावर टाकून घरी आली होती. म्हणजे नियम खराच होता. त्या काळच्या स्केटला तोच खरा होता.

मिन्के आली तेव्हा दुधाचे दात पडायचे होते तिचे. हिस्केची शेजारीण आणि जुनी मैत्रीण आक्के, तिची ही धाकटी. वसंतात बापाच्या मागे कुरणांतून टिटवीची अंडी शोधत हिंडायची, लांब काठी रोवून चर ओलांडायची. पाऊल असं, की हाताच्या पंजासारखं हवं तसं वळे. हिस्केने बस म्हटल्यावर ती फरशीवर उकिडवी बसली आणि तिथूनच म्हणाली, "बाई, बिस्कीट आहे का?" मग बसल्या बसल्याच तिने ते सावकाश खाल्लं. हिस्केला इतका आनंद झाला, की तिने दुसरंही दिलं.

पण बर्फावर पोरीची एक खोड दिसली. प्रत्येक ढकलीच्या शेवटी तिचा पंजा टपकन खाली ताणला जाई, जणू निघता निघता ती बर्फाला चिमटा काढी. मागे टोच्यांची रांग उठे. हिस्के ओरडली, समजावलं, पुन्हा ओरडली. मग सगळ्या पोरींसमोर तिला नाव पाडलं. "आली गं कोंबडी दाणे टिपायला!" पोरी खो-खो हसत. मिन्केही हसे. आणि पुढच्याच ढकलीला पुन्हा टोची.

शेवटी हिस्केने नवऱ्याच्या, गोस्सेच्या, होडीचं जुनं शीड फाडून त्याच्या पट्ट्या काढल्या. ते कापड पुठ्ठ्यासारखं कडक. सरावाआधी मिन्केच्या पायमोज्यावरून, घोट्याभोवती आणि तळव्याखालून ती पट्टी अशी आवळून बांधी, की पंजा वर येई पण खाली जात नसे. असे चार हिवाळे गेले. पाचव्या हिवाळ्यात पट्ट्या सोडल्या, तर खोड गेलेली. मिन्केच्या मागे बर्फ आरशासारखा राही. हिस्केने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "आता तू माझी."

पुढे मिन्के आल्डसीलची सगळ्यांत चांगली पोर झाली. सतरा वर्षांची होईतो तिच्या वयाच्या मुलींत तिला मागे टाकणारी त्या बाजूला कुणी उरली नाही. आणि नेमका त्याच हिवाळ्यात तो नवा स्केट आला.

त्याचं पातं बुटाला फक्त पुढे, पंजाखाली, एका बिजागरीने जोडलेलं असे. टाच मोकळी. ढकलीच्या शेवटी पंजा ताणला की टाच वर उचलली जाई आणि पातं मात्र अजून थोडा वेळ बर्फावर सपाट टेकून राही. तेवढीच ढकल जास्त. मग पाय उचलला की स्प्रिंग पात्याला टाचेकडे ओढून घेई आणि आवाज येई, टाप्. लोक त्याला टाळीचा स्केट म्हणू लागले. आदल्या वर्षी दक्षिणेकडच्या काही पोरांनी तो घातला तेव्हा आल्डसील पोट धरून हसलं होतं. हेरेनव्हेनच्या स्केटिंग रिंकवरच्या कॅन्टीनमध्ये, भर गर्दीत, हिस्के म्हणाली होती, "ज्यांना आपला घोटा सांभाळता येत नाही, त्यांच्यासाठी कुबड्या आहेत त्या."

पण त्या शरद ऋतूत रिंक उघडली तेव्हा टापटाप चहूकडून ऐकू यायला लागली. मिन्केच्या मागे राहणाऱ्या पोरी तिच्या पुढे जाऊ लागल्या. मिन्केने एकदा विचारलं, "बाई, मी घालून बघू?" हिस्के म्हणाली, "बघू." हे 'बघू' डिसेंबरपर्यंत लांबलं.

मग सिंटरक्लासची, भेटी देणाऱ्या संताच्या सणाची, संध्याकाळ आली. त्या संध्याकाळी कोण काय देतंय ते सांगायचं नसतं, सगळं संताच्या नावावर खपतं. भेटीसोबत यमक जुळवून लिहिलेलं चार ओळींचं काहीतरी असतं आणि ते ज्याला भेट मिळाली त्याने मोठ्याने वाचायचं असतं. वर्षभर तोंडावर बोलता न आलेलं त्या चार ओळींत बोलून घेतात, आणि रागवायची सोय नसते. गावच्या स्केटिंग क्लबच्या खोलीत मिन्केच्या हाती खोकं आलं. आत टाळीचे स्केट. लाल होत तिने वाचलं:

"गावात आमच्या बाई एक, नियम त्यांचे कडक भारी,
टाच जरा उचलली कुणी, की डोळे वटारून येते स्वारी.
म्हातारा संत विनवतो, बाई, आता हट्ट सोडा,
पोरीच्या या टाचेवरचा पहारा तुमचा काढा थोडा!"

खोलीत हशा पिकला. आक्के जरा जास्तच लांब, खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे अक्षर कुणाचं ते कळलंच. हिस्केही हसली. रिवाजच तसा. "संत म्हणतोय तर घाल बाई," ती म्हणाली. पण गालाची कातडी ताठ झाल्यासारखं तिचं तिला जाणवलं.

पुढच्या आठवड्यात रिंकवर मिन्केने ते स्केट घातले. हिस्के कठड्याला टेकून उभी होती. शेजारी रिन्से. हा शेजारच्या गावातला, शाळेत व्यायाम शिकवणारा, तिशी ओलांडलेला माणूस. प्रांताच्या तरुण संघासाठी मुली निवडायचं काम त्या वर्षी त्याच्याकडे होतं आणि त्यासाठी मिन्के त्याच्या मनात होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पोरी घोळक्याने वळणावरून आल्या. टाप्, टाप्, टाप्, टाप्. त्यांच्या मधोमध मिन्के, घोट्यातून खोल वाकलेली, सुरेख, सपाट. आणि मुकी. तिच्या स्केटमधून आवाज म्हणून निघत नव्हता.

"स्प्रिंग अडकलीय का तिची?" रिन्से म्हणाला.

मिन्के थांबली. स्प्रिंग तपासली, बिजागरी हलवून पाहिली. ठीक होती. रिन्सेने आपल्या एका पोरीला मिन्केचेच स्केट चढवायला लावलं. ती निघाली तर टाप् टाप्. पुन्हा मिन्केने घातले, तर गप्प.

"अगं, ही आल्डसीलची मुकी बघ!" पलीकडून एक पोर म्हणाली.

"त्यांच्याकडे बर्फावर पण चर्च भरतं गं. बोलायचं नाही!"

हसल्या सगळ्या. दुष्टपणाने नाही, पोरी हसतात तशा. मिन्के बाकावर येऊन बसली आणि बुटाच्या नाड्या उगाच सोडत राहिली.

रिन्से तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. बूट काढायला लावून तिचं पाऊल त्याने हातात घेतलं. "वर ओढ." पंजा नडगीकडे असा आला, की रिन्सेने शीळ घातली. "वा! आता खाली. नाचणाऱ्या पोरी ताणतात तसा." पाऊल थोडं खाली गेलं आणि थांबलं. त्याने बोटांनी दाबून पाहिलं. "दुखतं?"

"नाही. पुढे जातच नाही."

"गंमतच आहे. वर येताना लोणी, खाली जाताना कुलूप. कधी मोडला होता? मुरगळला होता?"

"नाही."

रिन्सेने मान वर करून हिस्केकडे पाहिलं. "हिस्केबाई, लहानपणापासून असाच आहे का हो हिचा?"

उत्तर सोपं होतं. चार शब्दांचं. पण पोरी अजून हसत होत्या, इतर गावांचे शिकवणारे कान देऊन उभे होते, आणि कुबड्यांची ती गोष्ट यातल्या निम्म्यांनी तिच्याच तोंडून ऐकलेली होती. हिस्केच्या तोंडून शब्द निघाले ते तिने निवडले नव्हते.

"जन्मतःच तसा. असतात काही जणींचे."

मिन्केने तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. फळ्यावर बाईंनी काही भलतंच लिहिलं, की मूल आधी स्वतःच्याच वहीत डोकावतं, तशी ती गोंधळून बघत राहिली. मग तिने मान खाली घातली आणि पायमोजा वर ओढला.

"मग काय करणार," रिन्से उठला, गुडघा झटकला. "जन्माच्या सांध्यापुढे आपण काय बोलणार? वाईट वाटतं पण."

परतताना क्लबच्या गाडीत लहान पोरी मागे गाणी म्हणत होत्या. मिन्के पुढे, हिस्केच्या शेजारी. बाहेर काळी कुरणं, त्यांच्यात चर चकाकत होते. गाव जवळ आल्यावर ती म्हणाली, "बाई, मी अजून प्रयत्न करीन."

हिस्केने तेव्हा गाडी थांबवायला हवी होती. ती म्हणाली, "नाड्या जरा सैल ठेवून बघ."

घरी गोस्से बटाटे सोलत बसला होता. आयुष्यभर दुधाची टाकी घेऊन गावोगाव हिंडलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून बोलायला कुणी मिळालं की सोडत नसे. हिस्के खुर्चीत बसली, मोजा काढला आणि आपलं पाऊल वर-खाली करून पाहू लागली. तिचाही घोटा खाली जाताना कुरकुरला.

"काय गं, संघात तुलाच घेतलं की काय?" गोस्से म्हणाला.

"बटाटे सोल."

"मिन्के कशी पळाली?"

"बरी."

"बरीच पळणार. माझं चांगलं शीड तिच्या पायात गेलंय." तो मोठ्याने हसला. "आठवतंय ना? किती आवळायचीस! पोर एकदा मला म्हणाली, गोस्सेकाका, माझा पाय आता होडी झाला."

त्याने गंमत म्हणून सांगितलं होतं. हिस्केचं पाऊल मात्र हवेत तसंच थांबलं. हे वाक्य तिने कधी ऐकलंच नव्हतं. इतक्या हिवाळ्यांत त्या पोरीने तिच्याजवळ एकदाही तक्रार केली नव्हती. ती नवऱ्यापाशी केली होती, हसत हसत, आणि तोही हसून गेला होता.

नाताळनंतर थंडी अशी पडली, की म्हाताऱ्यांनाही आपलं लहानपण आठवलं. कालवे, सरोवरं, चर, सगळं एकसंध झालं. गोठलेल्या कालव्यांवरची अकरा शहरांची शर्यत त्या जानेवारीत झाली, शाळा बंद, दुकानं बंद, ज्याला पाय आहेत तो बर्फावर. शर्यतीनंतरही बर्फ टिकला होता. आल्डसीलच्या पुलाखाली आक्केने आपली पत्र्याची शेगडी मांडली आणि वाटाण्याचं दाट सूप विकायला बसली. चमचा उभा राहील इतकं दाट.

मिन्के आपले जुने, टाच न सुटणारे स्केट घालून कालव्यावरून गेली. नैसर्गिक बर्फ काळा, काचेसारखा. ती पुलाखालून निघाली ती पार पवनचक्कीपर्यंत. हात पाठीवर, नडगी पुढे झुकलेली, अंगात कुठे धक्का म्हणून नाही. आणि मागे एक ओरखडा नाही.

"बघा, बघा पाय पोरीचा!" काठावरचा एक म्हातारा काठी आपटत म्हणाला. "असं आता कुणाला येत नाही. सगळी टापटाप, घोड्यांच्या तबेल्यासारखी! हिस्के, हे तुझं काम बरं का. तुझ्या हातचं!"

"तिच्याच हातचं," दोघंतिघं म्हणाले. कुणीतरी हिस्केच्या पाठीवर थाप मारली.

तिच्या तोंडावर हसू चिकटून राहिलं. ते काढून कुठे ठेवावं तिला कळेना. शिव्या दिल्या असत्या तर तिने उलट दिल्या असत्या. या कौतुकापुढे मात्र तिला पाय लपवावेत असं वाटायला लागलं, जणू पट्ट्या तिच्याच घोट्यावर आहेत आणि सगळ्यांना दिसताहेत.

आक्केने तिच्या हातात वाडगा दिला. "खा. गारठलीस." मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "रिन्सेचा फोन आला होता. शनिवारी नावं सांगणार आहेत. मिन्केचं नाही."

"का?"

"म्हणाला, जन्माचा घोटा आहे, टाळीच्या स्केटवर तो कधीच चालायचा नाही, आणि आता पुढे सगळं त्याच स्केटवर. बिचाऱ्यालाच वाईट वाटत होतं." आक्केने पळी भांड्यात फिरवली. "पोर रडली नाही. म्हणाली, आई, माझा पायच तसा आहे, बाई म्हणाल्या. आणि मी, बघ, तिला म्हटलं, बापाकडून आला असेल, त्या घराण्यात सगळंच ताठ! हसवायला म्हटलं गं. तर हसली पण."

हिस्केच्या हातातला वाडगा तसाच राहिला.

"मला तर आठवत होतं," आक्के म्हणाली, "लहानपणी ती माकडासारखी होती. चर काय ओलांडायची! पण मी काय जाणते त्यातलं. तू म्हणालीस म्हणजे असेलच."

एवढं बोलून आक्के पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. हिस्केने सूप संपवलं. उरलेलं टाकणं तिथे फार वाईट दिसतं म्हणून संपवलं. आपल्याच पोरीचं जे डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही खोटं मानायला आक्के तयार होती, एका शब्दावर. तो शब्द हिस्केने आपलं तोंड लपवायला वापरला होता.

शनिवारी ती रिंकवरच्या कॅन्टीनमध्ये गेली. गोस्सेला बरोबर घेतलं नाही. तळलेल्या बटाट्यांचा आणि ओल्या हातमोज्यांचा वास, भिंतींना टेकलेल्या पोरी, आया, बाप, शिकवणारे. आक्के मागे, खिडकीपाशी. मिन्के दारात, टाळीचे स्केट खांद्यावर अडकवलेले. परत करायला आणले होते म्हणे, दुकानदार घेतो का बघायला.

रिन्से उभा राहिला, घसा साफ केला.

"रिन्से, थांब," हिस्के म्हणाली.

"काय हो?"

"मी खोटं बोलले."

कॅन्टीनमध्ये कुणीतरी कप ठेवला, तेवढाच आवाज.

"मिन्केचा घोटा जन्मतः तसा नाही," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत निघावा अशी तिची इच्छा होती, पण तो फाटला. "तिचा घोटा तुमच्या कुणाहीपेक्षा मऊ होता. ती आपणहून तेच करायची जे तुम्ही आता पोरींना शिकवताय. पंजा ताणायची शेवटी. मी तो मोडून काढला. शिडाच्या पट्ट्या बांधून. चार हिवाळे."

एक पोर फिस्सकन हसली, मग हसू गिळून गप्प झाली. तरुण शिकवणारे आपापल्या कपात बघू लागले. हिस्केने ज्यांना वर्षानुवर्षं कठड्यावरून सुनावलं होतं, तेच हे. त्यांच्यातल्या एकानेही उलट टोमणा मारला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

"त्या दिवशीच का नाही सांगितलंत?" रिन्सेने विचारलं.

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटतेय."

मागून आक्के म्हणाली, "पट्ट्या मी धुवायचे." सगळे वळले. आक्के कुणाकडेच बघत नव्हती. "दर शनिवारी. फार कडक व्हायच्या, म्हणून गरम पाण्यात भिजवायचे. वाळवून घडी करून हिच्या पिशवीत ठेवायचे. मला वाटायचं, चांगलंच असणार. हिस्के बांधतेय म्हणजे." मग तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.

रिन्सेने हातातल्या नावांच्या कागदावर नजर टाकली. "यंदाच्या संघात मी तिला घेऊ शकत नाही," तो म्हणाला. "आजचा तिचा वेग तेवढा नाही, आणि दया म्हणून घेतली तर बाकीच्या पोरींवर अन्याय होईल. पण बांधून झालेलं असेल तर सुटतं. सगळं नाही, पण बरंचसं. वर्ष लागेल, दीड लागेल. मंगळवारी माझ्याकडे सरावाला येऊ दे." मग दाराकडे बघून म्हणाला, "येशील का गं?"

मिन्केचे कान लाल झाले होते. तिने होकाराची मान हलवली आणि दार ढकलून बाहेर गेली.

हिस्के तिच्या मागे गेली. गाडीतळावर मिन्के क्लबच्या गाडीला टेकून उभी होती. तोंडातून वाफा निघत होत्या.

"सगळ्यांसमोर कशाला, बाई?" ती म्हणाली. "आता सगळ्या माझ्या पायाकडे बघणार."

हिस्केला हे सुचलंच नव्हतं. आपली लाज उतरवायच्या घाईत तिने ती पुन्हा पोरीच्याच पायाशी ठेवली होती. "चुकलं," ती म्हणाली. "हेही चुकलंच."

"मला माहीत होतं. मी काही विसरले नव्हते पट्ट्या."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

मिन्केने तिच्याकडे अशा नवलाने पाहिलं, की हिस्केला प्रश्नच परत घ्यावासा वाटला. "तुम्ही बोलला होतात ना," ती म्हणाली.

आतून टाळ्या ऐकू आल्या. नावं वाचली जात असावीत.

"एक सांगू?" मिन्के म्हणाली. "रागावू नका."

"सांग."

"मी रिन्सेकडे सराव करीन तेव्हा तुम्ही कठड्यापाशी उभ्या राहू नका. मी एकटी असते ना, आमच्या मागच्या चरावर, तेव्हा टाच थोडी उचलते. खरंच. दोनदा आवाज पण आला. पण तुम्ही दिसलात की आपोआप चिकटते. मी मुद्दाम नाही करत."

हिस्केने खिशात हात घातले. बाहेर काढले. "नाही उभी राहणार," ती म्हणाली.

"लांबून पण नको."

"लांबून पण नाही."

मंगळवारी गाडी चालवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हिस्केच लहान पोरींना आणि मिन्केला घेऊन रिंकवर आली. मिन्के खाली उतरली आणि वळून न बघता आत गेली. लहान पोरींच्या नाड्या हिस्केने गाडीतळावरच, वाकून, एकेकीच्या बांधून दिल्या. त्यातली सगळ्यांत धाकटी, टाळीचे उसने स्केट घातलेली, विचारू लागली, "बाई, टाच उचलायची का नाही उचलायची?"

"आत जाऊन रिन्सेला विचार."

"पण तुम्ही तर म्हणता—"

"रिन्सेला विचार, राणी. त्याला माहितेय."

पोरी गेल्या. हिस्के गाडीत जाऊन बसली. काचेवर वाफ धरली. शेजारच्या क्लबची एक ओळखीची बाई तिला पाहून थांबली, बोटाने काचेवर टकटक केलं. हिस्केने काच खाली केली.

"हिस्के? अगं, इथे काय करतेस? आत चल की, कॉफी गरम आहे. गारठून जाशील."

"नको. मी इथेच बरी."

"पण तुझी मिन्के आत बर्फावर—"

"माहितेय मला," हिस्के म्हणाली, आणि तिने काच वर केली.